मामांची टोपली

ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी आता एक टोपली असते. तीत गुळवेलीचा रस, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, मल्टिव्हिटॅमिन आणि कुठलंतरी 'लिव्हर टॉनिक' असतं. घरातलं वय जितकं वाढतं तितकी टोपली भरत जाते, आणि ती कोणी भरली हे विचारलं तर नीट सांगता येत नाही. काही मुलाने ऑनलाइन मागवलेलं असतं, काही शेजाऱ्यांनी सुचवलेलं, काही व्हॉट्सॲपवरून आलेलं.

पुढचा संवाद अशाच एका टोपलीवरून आहे. मामा सत्तरी ओलांडलेले, रेल्वेतून निवृत्त, पडावात राहतात. मधुमेह जुना आहे आणि दोन वर्षांपूर्वीच्या तपासण्यांत फॅटी लिव्हर पुढे जाऊन सिरॉसिस झाल्याचं निघालं. दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत, त्यामुळे तो शब्द त्यांना अजून शिवीसारखा लागतो. भाची पुण्यात एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मसिस्ट आहे, थंडीत आजोळी आलेली. ही दोघं मी रचली आहेत, त्यांचं बोलणं मात्र घरोघरी ऐकलेलं आहे. त्यांच्या तोंडचे आकडे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

मामा: आधीच सांगून ठेवतो बेटा, या टोपलीत केमिकल एकही नाही. सगळी देसी चीज आहे. गुळवेल तर मागच्या कडुनिंबावर चढलेली, नीमगिलोय. कोविडात सरकारनेच सांगितलं होतं, काढे घ्या म्हणून.

भाची: सांगितलं होतं. आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सहाही जण गुळवेल घेत होते. डॉक्टरांनी ते पुढच्या वर्षी छापलं.

मामा: आणि आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, तेही मी वाचलंय. त्यांचं म्हणणं, ती खरी गुळवेल कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल.

भाची: टिनोस्पोरा क्रिस्पा. आक्षेप चुकीचा नव्हता, त्या रुग्णांनी नेमकं काय घेतलं हे तपासायलाच हवं होतं. पण मामा, जाणकारांनाच दोन वेलींचा घोळ होण्याची भीती वाटते, तर बाटलीतल्या हिरव्या रसात कोणती वेल आहे हे तुम्ही कसं ओळखणार? शिवाय प्रकरण तिथे थांबलं नाही. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यांक होता ४६ दिवसांचा.

मामा: त्रेचाळीस! अगं, त्या वर्षी करोडो लोकांनी काढा प्यायला असेल. करोडोंत त्रेचाळीस म्हणजे काहीच नाही. तुमच्या क्रोसिननेही लिव्हर जातं की.

भाची: जास्त घेतली तर जातं. आणि निरोगी माणसापुरता तुमचा हिशेब मला मान्य आहे. गुळवेल घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. पण त्या ४३ जणांत सगळ्यात जास्त दिसलेला प्रकार कोणता होता? आधीपासून असलेला यकृताचा जुना आजार अचानक बिघडणं. काहींना तर तो आजार आपल्याला आहे हेच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. तेव्हा करोडोंत तुम्ही स्वतःला मोजूच नका, तुमची रांग वेगळी आहे.

मामा: वेगळी कशी?

भाची: तुम्ही रेल्वेत होतात म्हणून तसंच सांगते. निरोगी यकृत म्हणजे डबल लाइन. एका रुळावर काही अडकलं तरी दुसरीवरून गाड्या निघतात, गावाला पत्ता लागत नाही. सिरॉसिसमध्ये उरते सिंगल लाइन. एरवी सगळं वेळेवर चाललेलं दिसतं, म्हणून तुम्ही म्हणता, मला काही त्रास नाही. पण एक मालगाडी अडली की पूर्ण सेक्शन बंद.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं, कारण 'सिंगल लाइन' उरते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं हे बहुतेक घरांत कोणी सांगत नाही. आतड्यातून येणारं रक्त एरवी आधी यकृतातून जातं आणि खाल्लेल्या औषधाचा बराच भाग तिथेच मोडला जातो. सिरॉसिसमध्ये यकृताचा पोत कडक होतो, रक्त आडवाटांनी पुढे निघून जातं आणि तेवढ्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. अल्ब्युमिन कमी झालेलं असतं, म्हणून औषधाला धरून ठेवणारंही कमी. त्यात वय: म्हातारपणी यकृताचा आकार आणि रक्तपुरवठा आजार नसतानाही घटतो, मूत्रपिंडंही मंदावतात. आणि या वयात मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीच चालू असतात. पंचविशीतल्या पोराने जिममध्ये घेतलेली कॅप्सूल आणि मामांनी घेतलेली कॅप्सूल, नाव एक असलं तरी शरीरात एकसारखी वागत नाहीत.

मामा: मग ॲलोपॅथीचं काय? तिचं नाव का घेत नाहीस? सगळ्यात जास्त लिव्हर तुमच्याच गोळ्यांनी खराब होतात. टीबीच्या औषधांनी आमच्या एका शेजाऱ्याचे काय हाल झाले, मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाची: अगदी खरं. भारतात औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची नोंद एका राष्ट्रीय गटाने ठेवली होती. त्यांतले ४६.४ टक्के टीबीच्या औषधांचे. जडीबुटी आणि इतर पर्यायी औषधं मिळून १३.९ टक्के.

मामा: बघ! झालं ना सिद्ध?

भाची: अर्धं झालं. टीबीची औषधं दिली नाहीत तर टीबी माणसाला मारतो, म्हणून धोका पत्करून देतात, आणि ती देताना लिव्हरवर लक्ष ठेवायचं असतं हे डॉक्टरला ठाऊक असतं. आता दुसरा आकडा ऐका, तो फक्त तुमच्यासारख्यांचा आहे. आधीच यकृताचा जुना आजार असलेल्या आणि त्यावर अचानक यकृत निकामी झालेल्या आशियातल्या ३,१३२ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यांतल्या ३२९ जणांना कारण ठरली ती औषधं. आणि त्या ३२९ मध्ये चित्र उलटं झालं. ७१.७ टक्के जडीबुटी आणि पर्यायी औषधं, टीबीची २७.३. नव्वद दिवसांत त्यांतले जवळजवळ निम्मे गेले.

मामा: निम्मे?

भाची: ४६.५ टक्के.

मामा थोडा वेळ काही बोलत नाहीत, मग टोपलीतली हळदीची बाटली पुढे सरकवतात. त्यांचा खरा बालेकिल्ला हाच.

मामा: ठीक आहे, गिलोय सोड. पण हळद? हळदीला तर तू नाव ठेवूच शकत नाहीस. जन्मापासून खातोय.

भाची: वरणातली हळद खा, भाजीतली खा, सर्दीला दुधातून चिमूटभर घ्या. तिच्यात करक्युमिन असतं शेकड्याला तीनच्या आसपास आणि त्यातलंही फारसं रक्तात जात नाही. ती पचनी न पडण्यातच आपली सुरक्षितता होती. कॅप्सूल बनवणाऱ्यांना तेच खटकलं. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात प्रयोग झाला. दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे काळ्या मिरीचा अर्क दिला, तर माणसांत करक्युमिनचं शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून बाटल्यांवर 'विथ ब्लॅक पेपर' दिसायला लागलं. तुमच्या बाटलीवरही आहे, बघा.

मामा: आहे खरं. पण ते चांगलंच ना? अंगी लागतं.

भाची: चांगलं अंगी लागतं तसं नको तेही लागतं. अमेरिकेत औषधांमुळे होणारी यकृताची इजा नोंदवणारं एक जाळं आहे. त्यांनी हळदीमुळे झालेल्या दहा केस प्रसिद्ध केल्या, दहाही २०११ नंतरच्या. तिघांच्या गोळ्यांत मिरीचा अर्क सापडला. एक रुग्ण दगावला. दहांतल्या सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे एकच जनुकीय रूप होतं. म्हणजे हळद सगळ्यांना बाधत नाही, काहींना बाधते, आणि ते काही कोण हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. तुमच्या बाबतीत मला पिपेरीनची दुसरीच काळजी आहे. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून तुम्हाला प्रोप्रॅनोलॉल दिलंय ना?

मामा: ती नाडी मंद करणारी गोळी? हो.

भाची: पिपेरीनबरोबर प्रोप्रॅनोलॉल घेतलं तर रक्तात ते लवकर आणि जास्त चढतं, हे १९९१ मध्ये निरोगी लोकांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. मध्यंतरी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालात, ती कशाने हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण डॉक्टरने त्या गोळीचं प्रमाण ठरवताना ही कॅप्सूल हिशेबात धरलेली नव्हती, एवढं नक्की.

मामा: त्यांनी विचारलंच नाही! बेटा, बाहेर दोन तास बसायचं आणि आत दोन मिनिटं. रिपोर्ट बघितला, लिहिलं, पुढचा नंबर. कुठलाही डॉक्टर कधी म्हणाला नाही की बाबा, घरी आणखी काय घेतोस?

इथे मी मामांच्या बाजूची आहे. आयुर्वेदाने बिघडलं की ॲलोपॅथीने, यावर तासभर भांडणारे लोक या दोन मिनिटांबद्दल बोलत नाहीत. रुग्ण सांगत नाही, कारण ओरडा बसेल. डॉक्टर विचारत नाही, कारण वेळ नाही, आणि विचारलंच तर 'ते सगळं बंद करा' एवढंच वाक्य असतं. मग रुग्ण काय करतो? बंद करत नाही, लपवतो. यकृताच्या तज्ज्ञाकडे अशी केस कावीळ झाल्यावर पोचते आणि तेव्हाही बाटलीचं नाव शेवटी, नातेवाइकाच्या तोंडून निघतं.

भाची: या मुद्द्यावर मी हरले. पण अश्वगंधाही आजच काढून ठेवूया.

मामा: ती झोपेसाठी आहे. रात्री डोळाच लागत नाही.

भाची: झोप उडणं हे सिरॉसिसचंच लक्षण असू शकतं. रात्री जागं आणि दिवसा पेंग असं उलटं चक्र झालं, तर अमोनियाचा मेंदूवर परिणाम होत असेल. ते अश्वगंधेने झाकायचं नसतं, डॉक्टरला सांगायचं असतं. आणि २०२३ मध्ये भारतातून आलेल्या एका नोंदीत अश्वगंधेमुळे इजा झालेल्यांपैकी पाच जणांना यकृताचा जुना आजार होता. त्यांतल्या तिघांचं यकृत निकामी झालं, आणि ते तिघेही गेले.

मामा: ते लिहिणारा तो केरळचा डॉक्टर ना? तो आयुर्वेदाचा दुष्मन आहे. इंटरनेटवर शिव्या देतो.

भाची: त्याची भाषा मलाही आवडत नाही. पण ते तिघे त्याच्या भाषेने गेले नाहीत.

मामा: (हसून) तू वकील व्हायला हवी होतीस. बरं, हे घे. हे तरी पास कर. रोहितकारिष्ट. लिव्हरसाठीच असतं, जुन्या ग्रंथांतलं आहे.

भाची: लेबल वाचा. चष्मा लावून.

मामा: 'स्वयंनिर्मित अल्कोहोल'... हे काय?

भाची: आसव आणि अरिष्ट आंबवूनच तयार होतात, त्यात दारू आपोआप बनते, साधारण पाच ते दहा टक्के. त्यात गुपित काही नाही, कंपनीने लिहिलेलंच आहे. तुम्ही दोन वेळा तीस-तीस मिलिलिटर घेता. दहा टक्के धरलं तर रोज सहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून जास्त, बारमधल्या एका पेगच्या निम्म्याच्या आसपास. एरवी ते क्षुल्लक असेल. सिरॉसिसला एकच नियम आहे: अल्कोहोल शून्य.

मामांना हे सगळ्यात जास्त लागलं. आयुष्यभर लग्नाच्या पंगतींत ग्लास उलटा ठेवणारा माणूस, आणि इथे रोज सकाळ-संध्याकाळ, तेही औषध म्हणून, डोळे मिटून. त्यांनी बाटली उचलून स्वतःच टोपलीबाहेर ठेवली. मेळ्यातून आणलेल्या सुट्या चूर्णाची पुडी मात्र भाचीने काढली. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतो आणि तिथे सगळं मिळतं, पण या पुडीवर ना नाव होतं, ना परवाना क्रमांक, ना तारीख. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. त्यांच्यावर निदान लेबल तरी होतं.

मामा: मग आयुर्वेद संपला म्हण की! आमखोला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे काय मूर्ख बसलेत?

भाची: मुळीच नाही. तिथे जा, शिकलेल्या वैद्याला रिपोर्ट दाखवा, सिरॉसिस आहे असं आधी सांगा. जो वैद्य तुमची बिलिरुबिन बघेल, गोळ्यांची यादी विचारेल आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून या म्हणेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण या टोपलीशी आहे, जिला ना वैद्य आहे ना डॉक्टर. आणि हे मल्टिव्हिटॅमिनवाले काही आयुर्वेदातले नाहीत, त्यांनाही तोच नियम. जीवनसत्त्व अ मुळातच यकृतात साठतं, जास्त झालं तर यकृतालाच इजा करतं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोळ्या आहेत आणि दोन्हींत अ आहे. लोह कमी असल्याचं तपासणीत दिसल्याशिवाय लोह घ्यायचं नाही. आणि ही पाण्यात फसफसणारी गोळी? तिच्यात सोडियम असतं, तेही बऱ्यापैकी. पोटात पाणी साचू नये म्हणून मामी मीठ मोजून घालते आणि तुम्ही ग्लासातून पिता.

मामा: व्हिटॅमिन डी तर डॉक्टरनेच लिहून दिलंय.

भाची: कारण रक्तात कमी सापडलं, म्हणून ते ठेवा. आधी तपासणी, मग गोळी. झिंकचंही तसंच.

मामा: आणि प्रोटीन पावडर? हात बघ माझे, काड्या झाल्यात.

या प्रश्नावर भाचीचा आवाज बदलला, आणि बदलायलाच हवा. कारण म्हाताऱ्या सिरॉसिसच्या रुग्णाला खरोखर ज्याची कमतरता असते ते हेच, स्नायू. ते झिजतात तसतसा माणूस पडतो, जंतुसंसर्ग होतो, अमोनिया आवरत नाही, कारण यकृत थकल्यावर अमोनिया हाताळायचं बरंच काम स्नायूच करत असतात. आणि इथे आधुनिक वैद्यकानेही वर्षानुवर्षं चूक केली. सिरॉसिसच्या रुग्णाला डाळ बंद, दूध बंद, पनीर बंद असं सर्रास सांगितलं जाई. आजचं मार्गदर्शन उलटं आहे: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. घरात अजून मामी डाळीची वाटी अर्धीच भरतात, जुन्या डॉक्टरांचं ऐकून.

भाची: पावडर नको, असं मी म्हणणार नाही, कधी कधी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ देतात. पण हा डबा कुठला, कोणी दिला? २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. जवळजवळ सत्तर टक्क्यांवर छापलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं. १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन होतं, बुरशीचं विष, यकृताच्या कर्करोगाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे. सिरॉसिसच्या माणसाने तेच खायचं?

मामा: मग काय खाऊ?

भाची: सकाळी बेसनाचं धिरडं, दुपारी वाटी भरून डाळ आणि दही, चार वाजता भाजलेले चणे किंवा सत्तू, रात्री पनीर किंवा मुगाचं काही. अंडी चालत असतील तर अंडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपायच्या आधी काहीतरी. तुम्ही साडेसातला जेवता आणि सकाळी नऊला चहा. साडेतेरा तास पोट रिकामं. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं, तुमच्यात तो साठा होत नाही, मग शरीर रात्री स्नायू मोडून साखर बनवतं. झोपताना एक पोळी-भाजी, दूध-दलिया, काहीही. मधुमेह आहे म्हणून किती आणि काय हे डॉक्टरशी ठरवा, पण उपाशी झोपू नका.

मामा: एवढंच? याची बाटली नाही मिळत?

भाची: नाही.

मामा: आणि एकादशी?

भाची: एकादशी मामी करेल तुमच्या वाटची.

टोपलीत शेवटी व्हिटॅमिन डी तेवढं उरलं. गुळवेलीवर मामा अडून बसले: वेल तोडणार नाही, रस सध्या नाही पिणार, रिपोर्ट येऊ दे मग बघू. भाचीला यापेक्षा जास्त हवं होतं. मला वाटतं, सत्तरीतल्या माणसाने 'सध्या नाही' म्हणणं हे पुष्कळ आहे.

एक गोष्ट दोघांच्या बोलण्यात आली नाही, ती मी सांगते. यांतल्या बऱ्याच बाटल्या औषध म्हणून विकल्याच जात नाहीत. २०१६ च्या नियमांनुसार पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावीच लागते. औषधासारखी माणसांवरची चाचणी त्यांना करावी लागत नाही. जाहिरात मात्र यकृत 'डिटॉक्स' करायची असते. कर्करोगासारख्या आजारांवर रामबाण उपाय विकणाऱ्या जाहिरातींना आवरण्यासाठीचा कायदा १९५४ पासून आहे, आणि तरीही २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका बड्या कंपनीला जाहीर माफी मागायला लावावी लागली. तेव्हा कायदा तुमच्या टोपलीपर्यंत पोचेल ही आशा सध्या ठेवू नका.

घरात सिरॉसिस, हिपॅटायटिस बी किंवा सी, किंवा पुढे गेलेलं फॅटी लिव्हर असलेलं वडीलधारं माणूस असेल, तर पुढच्या तपासणीला फाइलबरोबर टोपलीतली प्रत्येक बाटली, पुडी आणि डबा पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. त्यांनी विचारलं नाही तरी ठेवा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली किंवा माणूस गुंगल्यासारखा वागू लागला, तर नवीन घेतलेलं सगळं त्याच दिवशी थांबवा आणि रुग्णालय गाठा. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. बाटली फेकू नका, ती तपासायला लागेल. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कोणालाही करता येते, त्यासाठी सरकारी विनामूल्य क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.